माझ्या नावानं अब्बा

आमच्या नांदेडच्या एका शाळेत माझा पाठ चांगला झाला होता. मुलं खुलली होती, शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं आपणहून प्रश्न विचारला होता आणि मुख्याध्यापक मागे उभे राहून मान डोलवत होते. "एक-दोन दिवसांत कळवतो," म्हणाले. कळवलं नाही. शेवटी मीच फोन केला, तर "जागा भरली" एवढंच उत्तर आलं. त्याआधी आणखी एका शाळेत असंच झालं होतं. बी.एड. झालं होतं, घरी शिकवण्या चालू होत्या, पण शाळा काही मिळत नव्हती. अम्मी म्हणायची नजर लागली. मला वाटायचं माझं इंग्रजी कमी पडलं.

मग एका दुपारी मैत्रिणीचा फोन आला. आम्ही बी.एड.ला एका बाकावर बसायचो आणि ती त्याच शाळेत आधीपासून नोकरीला होती.

"रागावणार नसशील तर सांगते," ती म्हणाली. "आमच्या सरांना तुझा पाठ आवडला होता. पण नंतर त्यांनी तुझं फेसबुक बघितलं."

"माझं फेसबुक? त्यात काय आहे?"

"म्हणाले, ही बाई भांडखोर दिसते. उद्या आपल्याबद्दलच काहीबाही लिहील. आणि लिहिलंच आहेस की तू."

"मी? काय लिहिलंय मी?"

"आमच्या स्नेहसंमेलनाच्या फोटोवर. बघ एकदा." तिचा तास सुरू होणार होता. फोन बंद झाला.

मी फेसबुक उघडलं होतं कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, सगळ्या मुलींनी उघडलं म्हणून. वर्ष-दोन वर्षांत तिकडं जाणंच सोडलं. पासवर्ड आठवत नव्हता, ज्या नंबरवरून खातं काढलं ते सिम कधीच बंद पडलं होतं. इन्स्टाग्रामवर होते, पण ते कुलूपबंद आणि त्यात मेंदीचे चार फोटो. नोकरीला अर्ज करताना फेसबुकचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. घर सोडून गेल्यावर मागं कोण राहायला आलं, हे कुणी बघायला जातं का?

धाकट्या बहिणीचा फोन घेतला. ती बी.कॉम.ला होती, आणि या सगळ्यात माझ्यापेक्षा हुशार. आम्ही दोघी पलंगावर बसलो आणि तिनं माझं नाव शोधलं.

वर माझा फोटो होता, बारावीच्या निरोप समारंभाचा, जांभळ्या साडीतला. खाली माझं नाव. आणि त्याखाली त्याच दिवशी सकाळी टाकलेलं गुलाबाच्या फुलांचं चित्र, "शुभ सकाळ, आपला दिवस सुखाचा जावो." आदल्या दिवशीही गुलाब. त्याच्या आदल्या दिवशी सूर्य. मधेच एक बकरा. पांढरा, कानाला काळे ठिपके, कुणीतरी विकायला काढलेला. वर माझ्या नावानं लिहिलेलं, "फायनल किती. दात किती." बकऱ्याचं वय दातांवरून कळतं. खाली आणखी एक बकरा. "फायनल किती सांगा टाइमपास नको." मग नगरपालिकेच्या कुठल्याशा उद्घाटनाचा फोटो, "नळाला पाणी न्हाई आन तुम्ही नारळ फोडून राहिले." मग ते स्नेहसंमेलन. रंगीबेरंगी कपड्यांतली लहान मुलं जमिनीवर बसलेली, पुढं सोफे मांडलेले. वर लिहिलं होतं, "साहेब लोकांला मांडवात सोफा आन चिमणी लेकरं उन्हात. लाज वाटाय पाहिजे शाळेला."

आणि मी तिथंच काम मागायला गेले होते.

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. "आपा, 'टाइमपास नको' हे घरात कोण म्हणतं?"

आम्हा दोघींना एकदम हसू आलं. हसू ओसरल्यावर मात्र मला माझा जुना फोन आठवला. नवीन फोन घेतला तेव्हा जुना मी अब्बांना दिला होता. त्यातले फोटो काढून घेतले, सिम काढून घेतलं. फेसबुक आत तसंच उघडं राहिलं होतं.

अब्बांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारी, कूलरचे पंप, पंखे. गुडघे दुखायला लागल्यावर दुकान माझ्या भावानं सांभाळायला घेतलं आणि अब्बा घरी बसले. दिवसभर माणसांत राहिलेला माणूस, घरात त्यांचा जीव रमेना. फोन हातात आल्यावर मात्र ते शांत झाले. खुर्ची दारापाशी ओढून, चष्मा कपाळावर ढकलून ते फोनशी बोलत बसायचे. टाइप करता येत नव्हतं, म्हणून माइकचं चिन्ह दाबून बोलायचे. आम्हाला वाटायचं, नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवताहेत. अम्मी तर खूश होती. म्हणायची, आता स्वयंपाकात नाक खुपसत नाहीत.

दुपारची, जोहरची नमाज पढून अब्बा घरी आले तेव्हा मी फोन पुढं धरला. आमच्या घरात दखनी बोलतात, मी ते इथं मराठीतच लिहिते.

"अब्बा, हे तुम्ही लिहिता?"

"हौ," ते म्हणाले. काही विशेष नाही, अशा आवाजात.

"वर माझं नाव आहे, फोटो माझा आहे, ते दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतं की. फोन तुझा होता, म्हणून तुझं नाव." ते मोरीजवळच्या मांडणीवरच्या, आत्याकडून आलेल्या पातेल्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ते पातेलं बघ. त्यावर तुझ्या फुफीचं नाव कोरलंय. म्हणून काय त्यात शिजलेलं सालन फुफीचं होतं का?"

बहीण तोंडावर ओढणी धरून बसली होती.

"आणि लोक तुम्हाला ताई म्हणतात, मॅडम म्हणतात, त्याचं काय?" तिनं विचारलं.

"मला वाटलं तिथं सगळ्यांना म्हणत असतील. आजकाल कुणालाही सर म्हणतात की नाही, तसंच." मग थोडं थांबून, "चांगले लोक आहेत पण. देगलूरचा एक बकरेवाला तर रोज विचारतो, ताई तब्येत कशी आहे."

त्या क्षणी मला अब्बांचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्यांना अजून काही कळलंच नव्हतं, आणि कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उतरला की राग धरून ठेवणं जमेना. मी त्यांना मैत्रिणीचं बोलणं सांगितलं.

"माझ्यामुळं गेली का नोकरी?"

"तसं नाही अब्बा," मी म्हणाले. होतं मात्र तसंच.

आता अडचण अशी होती, की दोनच दिवसांनी मला लातूरला मुलाखतीला जायचं होतं. जाहिरात बघून अर्ज केला होता, शाळेचा फोन आला होता, पाचवी ते सातवीला विज्ञान. बहीण म्हणाली, आत्ताच्या आत्ता सगळं उडव. खातं बंद करावं तर पासवर्ड मागत होतं, आणि तो कुणालाच ठाऊक नव्हता. म्हणून आम्ही अब्बांच्या फोनवरून एकेक काढायला बसलो. गुलाब राहू दिले. बकरे काढले. नळाचं काढलं. अब्बा शेजारी बसून बघत होते. स्नेहसंमेलनाच्या फोटोवर माझं बोट आलं तेव्हा ते म्हणाले, "हे का काढतेस? यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही, पण माझ्या नावावर आहे."

मी बोट दाबलं. बरं वाटलं नाही.

लातूरची बस सकाळची होती. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, तरी माझं लक्ष पाठाच्या तयारीत लागेना. हातात फोन होता, तर मीही तेच करत होते जे ते लोक करत असणार. शाळेच्या मुख्याध्यापक बाईंचं नाव शोधून त्यांचं फेसबुक बघत होते. एक फोटो देवळासमोरचा, नऊवारीत. एक पुरस्कार घेतानाचा, ओठ घट्ट मिटलेले. मी ठरवून टाकलं की बाई कडक आहेत आणि आपलं जमणार नाही. चाकूर येईपर्यंत मी त्यांच्याबद्दल इतकं काही ठरवलं होतं, की प्रत्यक्ष भेटायची गरजच उरली नव्हती.

पाठ बाष्पीभवनाचा घेतला. फळ्यावर ओल्या फडक्यानं दोन पट्टे ओढले आणि एका मुलाला म्हणाले, यातल्या एकाला वहीनं वारा घाल. वर्ग दोन बाजूंना वाटला गेला, कुणाचा पट्टा आधी वाळतो म्हणून मुलं ओरडायला लागली. मला बाकीचं सगळं विसरायला झालं. मागच्या बाजूला बाई उभ्या होत्या. त्या हसत होत्या की नाही, ते मी बघितलंच नाही.

मुलाखतीला दोघंच होते. मुख्याध्यापक बाई आणि संस्थेचे सचिव. सचिव मितभाषी, पांढरा शर्ट, समोर लॅपटॉप. शिक्षण, अनुभव, लातूरला राहायची सोय, सगळं विचारून झालं. घरून निघताना मी मनात एका वेगळ्याच प्रश्नाची उत्तरं जुळवून ठेवली होती, आमच्यासारख्या नावाच्या मुली ठेवतात तशी. तो प्रश्न कुणी विचारला नाही. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात सचिवांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

"परवा इथं एक बकरा होता," ते म्हणाले. "आज दिसत नाही. विकला गेला का?"

बाईंनी खाली बघितलं.

"आम्ही सगळ्यांचं बघतो," सचिव पुढं म्हणाले. "पालकपण बघतात. बकऱ्याचं मला काही नाही. पण आमचा फोन गेल्यावर तुम्ही साफसफाई केली. एका शाळेबद्दल काही लिहिलेलं होतं, तेही गेलं. म्हणजे लिहायचं, आणि वेळ आली की पुसायचं. हे मला जरा खटकलं."

खरं बोलण्याशिवाय माझ्याकडं काही नव्हतं, आणि खरं तर खोट्यासारखंच ऐकू येणार होतं. तरी सांगितलं. जुना फोन, अब्बा, माइकचं चिन्ह, पातेल्यावरचं नाव. बोलता बोलता माझ्याच कानांना ते बनावट वाटायला लागलं.

"म्हणजे हे सगळं वडिलांनी लिहिलं आणि तुम्हाला माहीतच नव्हतं, असं आम्ही मानायचं?"

"सर, तुम्ही त्यांनाच विचारा." मी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि टेबलावर ठेवला. अब्बांना समजावायला वेळच मिळाला नाही.

"हौ बेटा, हुआ क्या?" अब्बांचा आवाज सगळ्या खोलीत घुमला.

"नमस्कार," सचिव म्हणाले. "मी लातूरहून बोलतोय. शाळेचा सचिव."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अब्बा उठून उभे राहिले होते, मला इथून दिसल्यासारखं कळलं.

"नमस्कार साहेब. बोला जी."

"तुम्ही फेसबुकवर असता का?"

"असतो साहेब. म्हंजे होतो. पोरीच्या नावानं होतो, ते मला ठाव नव्हतं. चूक माझी हाय. तिचं काही न्हाई त्यात. तुम्ही तिला त्याच्यावरून नापास करू नका."

"त्या बकऱ्याला दात किती निघाले?"

अब्बा गडबडले. मग आवाज एकदम नेहमीचा झाला. "चार म्हनला होता साहेब. पण फोटोत तोंडच दाखवंना. मी म्हनलं, तोंड न दाखवता दात कसे मोजायचे?"

बाईंना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला. सचिव मात्र हसले नाहीत.

"आणि ते स्नेहसंमेलनाचं? तेही तुम्हीच लिहिलं?"

मी टेबलाच्या कडेकडं बघत राहिले. म्हणा, चूक झाली म्हणा, असं मनात घोकत होते.

"ते मी लिहिलं साहेब," अब्बा म्हणाले. "त्या दिवशी पान्याची मोटार बंद पडली म्हनून पोराला घेऊन तिथं गेलतो. बारकी बारकी लेकरं व्हती. पंखं लावलेली, परीचे. उन्हात बसून व्हती आन मांडवातले सोफे रिकामे. कोन्ही बसलेलं न्हवतं त्याच्यावर. पोरीनं ते पुसलं, पुसू द्या, तिच्या नावावर व्हतं. पण ते खोटं न्हवतं."

सचिवांनी लॅपटॉप मिटला. "आणि आमच्या शाळेबद्दल काय लिहाल?"

"आधी येऊन बघतो साहेब. बघितल्याबिगर कसं लिहू?"

तेव्हा सचिव हसले. मोठ्यानं नाही, पण खांदे हलले. "या," ते म्हणाले. "चहाला या." आणि फोन माझ्याकडं सरकवला.

बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. नऊवारी नव्हती, साधी सुती साडी होती आणि बोलणं निलंग्याकडचं. "मला तिसऱ्या गुलाबालाच कळलं होतं, हे तुमचं नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "आमचे सासरे असेच आहेत. माझ्या वाढदिवसाच्या फोटोखाली त्यांनी सोयाबीनचा भाव विचारला होता." मग आवाज खाली आणून, "पण सरांचंही चुकीचं नाही हो. एका शिक्षकानं पालकांबद्दल घाण लिहिलं होतं मागं, फार मनस्ताप झाला. तेव्हापासून ते बघतात. तेवढं खातं मात्र नीट करून घ्या."

त्यांनी नोकरी दिली असं म्हटलं नाही. मी विचारलंही नाही. पण स्टँडवर येईपर्यंत माझ्या पोटात भूक जागी झाली. कितीतरी दिवसांत लागली नव्हती तशी. मी उभ्यानं भजी खाल्ली, मग परत घेतली. बसमध्ये खिडकीला डोकं टेकवलं, ते लोह्याला कंडक्टरनं कुणावर तरी आरडाओरडा केला तेव्हा उचललं.

घरी अब्बा दारातच उभे होते. "साहेब नाराज झाले का?"

"चहाला बोलावलंय तुम्हाला."

"ते तर ऐकलं मी. पण नाराज झाले का?"

त्यांना ते पटेपर्यंत मला सगळं दोनदा सांगावं लागलं, बाई कुठं हसल्या तेसुद्धा.

खातं नीट करायचं काम बहिणीनं केलं. कुठल्या कुठल्या पायऱ्या चढून तिनं नवा पासवर्ड मिळवला आणि खातं कायमचं बंद करायच्या आधी अब्बांच्या नावानं दुसरं काढून दिलं. त्यावर त्यांचा फोटो टाकला, दुकानासमोर उभे असलेले, खिशात टेस्टर. अब्बांना त्याचा आनंद झाला नाही. जुनी माणसं हरवतील याची त्यांना काळजी होती. मग माझ्या खात्यावरून त्यांनीच शेवटचं बोलून लिहिलं, मी फक्त पूर्णविराम दिले. "मी ताई न्हाई. मी हिचा बाप हाय. नवीन खात्यावर या." लोक आले. देगलूरचा बकरेवाला सगळ्यात आधी आला. "चाचा, मी इतके दिवस ताई म्हणत होतो, माफ करा," त्यानं लिहिलं. अब्बांनी उत्तर दिलं, "तोंडाचा फोटो पाठव."

लातूरचा फोन आला तेव्हा मी शिकवणीच्या मुलांना अपूर्णांक समजावत होते. बाईंचा आवाज होता. पुढच्या सोमवारी रुजू व्हा म्हणाल्या. मी हो म्हणाले, आभार मानले, आणि मग धीर करून विचारलं, "मॅडम, माझं ते फेसबुकचं..."

"सरांचं एक मत विरोधात होतं," त्या सरळ म्हणाल्या. "बकऱ्यामुळं नाही. पुसल्यामुळं. पण वर्गातल्या पोरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या फळ्यांवर पाण्याचे पट्टे ओढले, शिपायानं तक्रार केली. ते ऐकून सर म्हणाले, बोलवा."

मी फोन ठेवला. मुलं माझ्याकडं बघत होती. त्यांना सुट्टी देऊन टाकली आणि आत जाऊन अम्मीच्या गळ्यात पडले. ती पोळ्या लाटत होती, तिच्या हाताचं पीठ माझ्या पाठीला लागलं. अब्बांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, परत वर ढकलला आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

लातूरला एका काकूंच्या घरी मागची खोली मिळाली. पहिला आठवडा धावपळीत गेला. हजेरी, वह्या, मुलांची नावं पाठ करणं, शिक्षकांच्या खोलीत कुठल्या खुर्चीवर कुणी बसायचं ते शिकणं. रविवारी सकाळी कपडे धुऊन वाळत घातले आणि जरा आडवी झाले. जाग आली ती दारावर थाप पडली तेव्हा. ऊन भिंतीवरून पार खाली उतरलं होतं.

"बाई, अंग दुखायलंय का?" काकू दारात उभ्या होत्या, हातात वरणाची वाटी. "सकाळपासून दार बंद हाय. मला लई काळजी वाटली."

"नाही काकू," मी म्हणाले. "झोप लागली होती."

"जेवलीस का?"

जेवले नव्हते. मी वाटी घेतली आणि त्यांना आत बसायला सांगितलं.